हलावंसंच वाटत नाही

आमच्या वैद्यकीय महाविद्यालयाचं प्राणिगृह गच्चीवर होतं. शरीरक्रियाशास्त्रात एम.डी. करताना माझा प्रबंध तिथेच झाला. विषय होता अंडाशय काढलेल्या माद्यांची चरबी आणि व्यायाम. विस्टार जातीचे पांढरे उंदीर, प्रत्येक पिंजऱ्याला एक चाक, चाकाला फेऱ्या मोजणारा काटा. चाकाचा परीघ जवळपास एक मीटर, त्यामुळे हिशेब सोपा होता: काट्यावर जेवढ्या फेऱ्या, तेवढे मीटर मादी रात्रीत पळाली. उंदीर अंधारात पळतात. सकाळी गच्चीवर जायचं, काटे वाचायचे, वहीत आकडे उतरवायचे. मग ड्रॉपरने मिठाच्या पाण्याचा थेंब योनीत सोडून परत ओढून घ्यायचा, काचेवर पसरायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघायच्या. पेशींच्या रूपावरून मादी चक्राच्या कोणत्या दिवसात आहे ते कळतं. प्राणिगृह सांभाळणाऱ्या अण्णांना सूक्ष्मदर्शक लागत नसे. काटा बघूनच ते सांगायचे, "तिसऱ्या पिंजऱ्यातली आज माजावर हाय, मॅडम."

अण्णांचा अंदाज चुकत नसे, कारण मादी उंदराचं चक्र चार-पाच दिवसांचं असतं आणि त्यातल्या एका रात्री, बीज सुटायच्या सुमाराला, ती इतर रात्रींपेक्षा कितीतरी जास्त पळते. आलेख काढला की करवतीच्या दात्यांसारखी शिखरं दिसतात. १९२३ साली वँग नावाच्या संशोधकाने हे छापून ठेवलं आहे. त्याच वर्षी अमेरिकेत एडगर ॲलन आणि एडवर्ड डॉइझी डुकरिणींच्या अंडाशयांतला द्रव काढून त्यात कोणतं संप्रेरक आहे ते शोधत होते. म्हणजे इस्ट्रोजेनला अजून नीट नाव-गाव नव्हतं, पण ते माद्यांना पळवतं ही गोष्ट चाकाने आधीच नोंदवली होती.

मी पाठीवरून दोन बारीक छेद घेऊन माद्यांचे अंडाशय काढत असे. एका गटावर लटकी शस्त्रक्रिया व्हायची: छेद तोच, टाके तेच, अंडाशय मात्र जागच्या जागी. काही आठवड्यांत पहिल्या गटाच्या आलेखातले दाते झिजून रेघ सपाट झाली. या माद्या सुरुवातीला जास्त खातात, पुढे खाणं जवळजवळ पूर्वीइतकं होतं, पण चढलेलं वजन उतरत नाही. शेवटी पोट उघडलं की गर्भाशय दोऱ्याएवढा बारीक झालेला आणि आतड्यांभोवती पांढरी चरबी साचलेली. तिसऱ्या गटाला मी तिळाच्या तेलात विरघळवलेलं इस्ट्रॅडिऑल टोचत होते. त्यांची चाकं पुन्हा फिरू लागली. चौथ्या गटाला अंडाशय नव्हते आणि इंजेक्शनही नव्हतं, पण त्यांना रोज फिरत्या पट्ट्यावर चालवायचं. त्यांची चरबी पहिल्या गटापेक्षा बरीच कमी भरली.

अंडाशय काढलेल्या माद्यांबद्दल अण्णांचं मत एका शब्दाचं होतं: आळशी. माझ्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, तसं लिहू नकोस, 'ऐच्छिक हालचाल घटली' असं लिही. मी तसं लिहिलं, पदवी मिळवली आणि बरीच वर्षं मुलांना हृदय, मूत्रपिंड आणि चेतातंतू शिकवत राहिले.

पुढे औषधवैद्यक विभागाला मधुमेहाच्या रुग्णांसाठी व्यायाम-कक्ष हवा होता. ट्रेडमिल आणि व्यायामाची सायकल आमच्या विभागाच्या प्रयोगशाळेत धूळ खात होती, म्हणून ते काम आपसूक माझ्याकडे आलं. आठवड्यातून ठरलेल्या दुपारी मी तिथे बसू लागले. पुरुष येत, दोनचार प्रश्न विचारून जात. टिकल्या त्या बायका, बहुतेक पंचेचाळीस ते साठ वयाच्या. कुणी शाळेतल्या बाई, कुणी पतसंस्थेत नोकरीला, कुणी मिरजेच्या आसपासच्या खेड्यांतून एसटीने येणाऱ्या. तक्रारी वेगवेगळ्या असत, पण दोन वाक्यं जवळपास प्रत्येकीच्या तोंडी यायची. पहिलं: "वजन तेवढंच हाय ओ, पण परकराची नाडी पुरंना झाली." दुसरं: "हलावंसंच वाटत नाही."

आधी नाडीचं सांगते, कारण त्या वाक्यात बरंच शास्त्र आहे. कंबर मोजायची पद्धत ठरलेली आहे. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधोमध पट्टी धरायची, श्वास सोडल्यावर आकडा वाचायचा. नाडी याच्या खाली असते आणि तिचा वळ वर्षानुवर्षं एकाच जागी पडलेला असतो. पट्टी लावली की निम्म्या बायका पोट आत ओढतात, मग त्यांच्याशी गप्पा मारून श्वास सोडायला लावावा लागतो. भारतीय स्त्रीसाठी धोक्याची रेघ ८० सेंटीमीटर, पुरुषासाठी ९०. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत पहिल्यांदाच देशभर कंबर मोजली गेली, तेव्हा ४० टक्के स्त्रिया त्या रेघेपलीकडे निघाल्या. पुरुषांत हे प्रमाण बरंच कमी होतं. वजनकाट्यावर एवढी तफावत दिसत नाही.

मार्सेयचे डॉक्टर जाँ वाग यांनी १९४७ मध्येच म्हटलं होतं की चरबी किती आहे यापेक्षा ती कुठे आहे हे पाहा. कुल्ह्या-मांड्यांवर असेल तर फारसं बिघडत नाही, पोटावर असेल तर मधुमेह आणि रक्तवाहिन्यांचे आजार मागे लागतात. ही जागा ठरवण्यात इस्ट्रोजेनचा मोठा वाटा असतो. मांडीच्या चरबीपेशींवर असे ग्राहक (रिसेप्टर) जास्त असतात की ॲड्रेनलिनचा हुकूम आला तरी ते चरबी सोडू देत नाहीत, आणि इस्ट्रोजेन त्या ग्राहकांची संख्या वाढवतं. बाळंतपण आणि अंगावर पाजण्याचे दिवस डोळ्यांसमोर ठेवले तर शरीराचा हा व्यवहार समजतो. पाळी जाण्याच्या वेळी इस्ट्रॅडिऑल उतरतं, तो पहारा सैल पडतो आणि नवी चरबी पोटाच्या आत, आतड्यांच्या पदरावर जमू लागते. तिथलं रक्त सरळ यकृताकडे जातं. चरबीतून सुटलेली आम्लं आधी यकृताच्या वाट्याला येतात, मग यकृत इन्सुलिनचं ऐकेनासं होतं आणि रात्री कुणी मागितलेली नसताना साखर रक्तात सोडत बसतं. रात्री फक्त ताक-भात खाऊनही सकाळची उपाशीपोटीची साखर जास्त का येते, या प्रश्नाचं अर्धं उत्तर यात आहे.

बायकांच्या त्या 'वजन तेवढंच' ला आधार मला पुढे अमेरिकेतल्या 'स्वान' अभ्यासात सापडला. १९९० च्या दशकाच्या मध्यात सुरू झालेल्या या अभ्यासात मध्यमवयीन स्त्रियांना पाळी असताना, जाताना आणि गेल्यावर वर्षानुवर्षं मोजत गेले. २०१९ मध्ये त्यातल्या शरीररचनेच्या मोजमापांचं विश्लेषण प्रसिद्ध झालं. वजन वयाबरोबर हळूहळू वाढतच होतं, पाळीच्या सुमाराला त्याने वेग घेतला नव्हता. पण त्याच वजनाच्या आत मोठी उलथापालथ चालली होती. पाळी डळमळू लागली तसा चरबी वाढण्याचा वेग दुप्पट झाला, स्नायू कमी होऊ लागले, आणि शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षांनी हे सगळं कुठे स्थिरावलं. स्नायू गेला, चरबी आली, काटा तिथेच. उंदरिणी मात्र अंडाशय गेल्यावर उघड जाड होतात. तेव्हा उंदरावरून माणसाचा हिशेब करताना जपून. 'स्वान'मध्ये गोऱ्या, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, चिनी आणि जपानी स्त्रिया होत्या. भारतीय नव्हत्या.

आणि आपलं गणित आणखी बिकट आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. पहिल्या दिवशीच्या व्याख्यानात मी हा फोटो पडद्यावर लावते, बायका हसतात आणि मग गप्प होतात. आपल्याकडे बाळ जन्मतःच अंगाने हडकुळं आणि स्नायूंच्या मानाने चरबी राखून असलेलं असतं, असं पुण्याच्या परिसरातल्या सहा खेड्यांत याज्ञिकांच्या गटाने दाखवून दिलं. आधीच स्नायू बेताचा, त्यात पाळी जाताना त्यातलाही थोडा वजा होणार.

वर्गात हा भाग शिकवताना मागच्या बाकांवरची मुलं मोबाइल काढतात, बायकांचं हार्मोन म्हणून. त्यांच्यासाठी माझ्याकडे एक रुग्ण राखून ठेवलेला आहे. १९९४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये आलेला, अठ्ठावीस वर्षांचा पुरुष, उंची २०४ सेंटीमीटर आणि हाडं अजून वाढतच आहेत. त्याच्या रक्तात इस्ट्रोजेन भरपूर होतं, पण जनुकातल्या बिघाडामुळे ते ओळखणारा ग्राहकच शरीरात नव्हता. त्याच्या रक्तात इन्सुलिनही चढलेलं आणि काखा काळवंडलेल्या. आपल्याकडे ओपीडीत माना आणि काखा काळ्या पडलेली पोरं रोज दिसतात, ती खूण इन्सुलिन कामाला येत नसल्याची. म्हणजे पुरुषालाही साखरेचा कारभार चालवायला इस्ट्रोजेन लागतं. २०१३ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी निरोगी पुरुषांची संप्रेरकं औषधाने बंद करून वेगवेगळ्या मात्रेत परत दिली, तर चरबी वाढण्याचं कारण मुख्यतः टेस्टोस्टेरॉनची कमतरता नसून त्यापासून बनणाऱ्या इस्ट्रोजेनची निघाली. एवढं सांगितलं की मोबाइल खिशात जातात.

ऊसतोडीच्या हंगामात मराठवाड्यातून टोळ्या सांगली-कोल्हापूरच्या कारखान्यांकडे येतात. त्यांतल्या काही बायका साखर वाढली म्हणून आमच्याकडे पाठवल्या जात. वय विचारलं तर पस्तीस, अडतीस. पाळी? "पिशवी काढली." कधी? "धाकटा पोरगा झाला, त्याच्या मागच्या साली." कागद नसतात. गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढलं की ठेवलं, ते बाईला कुणी सांगितलेलं नसतं. अंडाशय काढले असतील तर त्या दिवशीच इस्ट्रोजेन संपलं. ठेवले असतील तरी ते अपेक्षेआधी थकतात असं दिसून आलं आहे. बीडच्या ऊसतोड बायकांच्या या शस्त्रक्रियांवरून २०१९ मध्ये राज्यात गदारोळ झाला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. अशा बाईला मी व्यायामाचा कागद देत नाही. ती पहाटेपासून कोयता चालवते, मोळ्या डोक्यावरून ट्रकवर चढवते. तिला व्यायाम सांगणं ही चेष्टा आहे. तिच्यासाठी रक्त तपासणं, हाडांसाठी कॅल्शियम देणं, स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवून संप्रेरकांचा विचार करायला लावणं एवढं हातात असतं. इतक्या लहान वयात अंडाशय गेले असतील तर नैसर्गिक वयापर्यंत संप्रेरक भरून देणं हा सर्वमान्य उपचार आहे. पण हंगाम संपला की टोळी गावाकडे जाते आणि फेरतपासणी तिथेच राहते.

बाकीच्यांचा गोळीबद्दलचा प्रश्न ठरलेला: "मॅडम, इस्ट्रोजेन गेलं म्हणून हे झालं ना? मग गोळी द्या की." प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या भल्यामोठ्या चाचणीचा इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनचा भाग जुलै २००२ मध्ये मध्येच थांबवला, कारण स्तनाचा कर्करोग वाढलेला दिसला. बातमी जगभर गेली आणि डॉक्टरांनी हात आखडले. त्याच चाचणीत गोळी घेणाऱ्या गटात मधुमेह सुमारे एक पंचमांशाने कमी निघाला होता, ते मात्र कुणाच्या लक्षात राहिलं नाही. त्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं, हेही नाही. आज जे मानलं जातं ते असं: अंगातून वाफा येतात, झोप उडते, त्यासाठी साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत, तपासण्या करून संप्रेरक द्यायला हरकत नाही. केवळ साखर किंवा पोट कमी करायला देत नाहीत. मला हे पटतं.

एका शिक्षिकेने वेगळाच मुद्दा काढला होता. चरबीतही इस्ट्रोजेन बनतं असं तिने वाचलेलं, मग जाड बाईला फायदाच नाही का? बनतं हे खरं. चरबीतला ॲरोमाटेझ हा विकर अधिवृक्क ग्रंथीतून आलेल्या मालापासून इस्ट्रोन तयार करतो आणि पाळी गेल्यावर शरीरातलं बहुतेक इस्ट्रोजेन त्याच मार्गाने येतं. पण पोटाच्या चरबीवर त्याने पहारा बसत नाही, उलट गर्भाशयाचं अस्तर आणि स्तन यांना ते नको तेवढं चेतवत राहतं. स्तनाच्या कर्करोगानंतर लेट्रोझोलसारख्या गोळ्या देतात त्या याच विकराला अडवायला. शिक्षिकेने सगळं वहीत उतरवून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे माल तोच, दुकान चुकीचं." मला एवढ्या थोडक्यात सांगता आलं नसतं.

आता व्यायाम. इथे माझ्या चौथ्या गटातल्या उंदरिणी कामाला येतात. स्नायू आकुंचन पावला की तो साखर आत घेण्यासाठी इन्सुलिनची वाट पाहत नाही. ग्लुट-४ नावाची वाहक प्रथिनं पेशीच्या आत पडून असतात, ती इन्सुलिनच्या हाकेने पृष्ठभागावर येतात, तशीच नुसत्या आकुंचनानेही येतात. हा दुसरा मार्ग पाळी गेल्यावर बंद होत नाही, मधुमेह झाल्यावरही होत नाही. व्यायामानंतर एक-दोन दिवस स्नायू इन्सुलिनला जास्त चांगली दाद देतो, म्हणून मी सलग दोन दिवस खाडा नको म्हणते. कोपनहेगनमध्ये पाळी चालू असलेल्या आणि नुकतीच गेलेल्या, वयात चार-पाच वर्षांचंच अंतर असलेल्या स्त्रियांना तीन महिने जोरात सायकल मारायला लावली. दोन्ही गटांत इन्सुलिनची संवेदनशीलता सुधारली, आणि इस्ट्रोजेन नसलेल्या मागे राहिल्या नाहीत. त्याच शहरातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये आणखी एक गंमत दाखवली. काम करणारा स्नायू इंटरल्यूकिन-६ नावाचा निरोप रक्तात सोडतो. संधिवातावरच्या औषधाने तो निरोप अडवला, तर बारा आठवडे सायकल मारूनही पोटातली चरबी घटली नाही. न अडवलेल्यांची घटली. व्यायाम म्हणजे कॅलरीची वजाबाकी असं मानणाऱ्यांनी यावर विचार करावा.

वजाबाकीच करायची तर ती फार निराश करते. अर्धा तास चालून जेवढं जळतं तेवढं एका बटाटेवड्याने परत येतं. म्हणून मी वजनाचा काटा कक्षाच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि पट्टी बाहेर ठेवली. वजन न उतरताही पोटातली चरबी कमी होऊ शकते. चालणं सगळ्यांना मान्य असतं. साडीवर बूट घालायला लाज वाटते, पहाटे रस्त्यावर कुत्री असतात, या अडचणींवर तोडगे निघतात. जेवणानंतर पंधरा मिनिटं अंगणात किंवा गच्चीवर येरझाऱ्या घातल्या तर जेवणानंतरची साखर कमी चढते. साखर मोजायचं यंत्र घरी असलेल्या बायका ते स्वतःच ताडून बघतात आणि मग सांगावं लागत नाही.

अडतं ते वजन उचलण्यावर. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम सांगते आणि सोबत किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम. या दुसऱ्या अर्ध्या वाक्याची आपल्याकडे कुणी दखल घेत नाही. गमावलेला स्नायू चालण्याने फारसा परत येत नाही. मी खुर्चीपासून सुरुवात करते: हात छातीवर, खुर्चीतून उठा, बसा. गुडघे दुखत असतील तर खाली उशी घालून उंची वाढवायची. मग भिंतीला हात लावून जोर. मग डंबेल. डंबेल पुढे केलं की एक ठरलेलं वाक्य येतं, "हे आता ह्या वयात आम्ही करायचं होय?" आणि दुसरं, "घरात काय कमी कामं आहेत का?" घरातली कामं भरपूर आहेत, मी नाही म्हणत नाही. पण कणीक मळणं, भांडी, केर ही वर्षानुवर्षं त्याच वजनाची राहतात. स्नायू वाढतो तो त्याच्यावर आजवर पडला त्याहून थोडा जास्त भार आला तर. गॅसचं सिलिंडर सरकवणारी बाई हे ऐकून हसते, तर मी म्हणते, तेच, पण नियमाने आणि पाठ सरळ ठेवून.

डंबेलची मागणी मी कागदोपत्री केली, तेव्हा वरून शेरा आला की ही क्रीडासाहित्यात मोडतात, रुग्णालयाच्या खर्चात बसत नाहीत. मग जिल्हा पातळीवरच्या कुस्तीच्या तालमीतून एका विद्यार्थ्याने जुनी डंबेलं आणून दिली. सांगली-कोल्हापूर भागात राहण्याचा हा फायदा.

या खटाटोपाला आपल्याकडचा पुरावाही आहे. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या चाचणीने २००६ मध्ये दाखवलं की मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या भारतीयांत चालणं आणि आहार एवढ्यावर मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटतं. त्यात पाचांत जेमतेम एक स्त्री होती.

पट्टीचे आकडे सुधारले तरी त्या दुसऱ्या वाक्याचं मला काही करता येत नव्हतं. हलावंसंच वाटत नाही. नवरा म्हणतो आळस, सून म्हणते नाटकं, आणि बाई स्वतःच म्हणते, पूर्वी अशी नव्हते हो मी. थायरॉइड तपासायचं, हिमोग्लोबिन तपासायचं, झोपेचं विचारायचं, मन खचलं आहे का ते बघायचं. काहींत कारण सापडतं. बऱ्याच जणींत काही नाही, फक्त पाळी जाऊन वर्ष झालेलं.

२०२१ मध्ये 'नेचर'मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या होली इंग्रॅहॅम यांच्या प्रयोगशाळेचा शोधनिबंध वाचला. घरच्या छोट्या उंदरांवरचं काम. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसमध्ये पेशींचा एक पुंजका आहे. इस्ट्रोजेन तिथे पोचलं की मेलॅनोकॉर्टिनचा ग्राहक बनवणारं जनुक चालू होतं आणि मादी हिंडू-फिरू लागते. तोच ग्राहक संशोधकांनी दुसऱ्या मार्गाने चालू केला, तर इस्ट्रोजेनवाचूनही हालचाल वाढली. माझ्या वहीतल्या त्या करवतीच्या दात्यांचा पत्ता, वँगने ते छापल्यावर शंभरेक वर्षांनी, लागला होता. आणि माणसांत? कोलोरॅडोमध्ये पाळी चालू असलेल्या स्त्रियांचे अंडाशय औषधाने काही महिने झोपवले, तेव्हा विश्रांतीत जळणारी ऊर्जा दिवसाला सुमारे ५० किलोकॅलरींनी उतरली. इस्ट्रॅडिऑल परत दिलेल्यांत ती उतरली नाही. पन्नास म्हणजे अर्ध्या पोळीइतकी, पण रोजची. उठावंसं वाटणं मोजायला बायकांच्या पायाखाली चाक नसतं, म्हणून तेवढ्या ठामपणे मी बोलणार नाही. उंदरांवरून माणसाचा हिशेब जपून करावा, हे वर मीच लिहिलं आहे.

तरी कक्षातल्या दोन गोष्टी मी बदलल्या. माहितीच्या कागदावर 'व्यायाम करता का?' असा प्रश्न होता, त्याचं उत्तर प्रत्येक बाई खोटं देते. तिथे 'उठावंसं वाटणं कधीपासून कमी झालं?' असं लिहिलं. उत्तरं चटकन येतात, महिन्यासकट, आणि कितीतरी वेळा ती पाळी लांबायला लागल्याच्या महिन्याशी जुळतात. नवरा सोबत आला असेल तर त्याच्यासमोर विचारते. बायकोने उत्तर दिलं की त्याला उंदरांची गोष्ट सांगते. एक शेतकरी म्हणाले, "म्हंजी आळस न्हाई म्हणायचा हा?" मी म्हटलं, निदान उंदरिणींत तरी नाही, पुढचं तुम्ही ठरवा.

दुसरी गोष्ट म्हणजे, मनाची वाट बघायची नाही असं ठरवून टाकलं. आधी मी बायकांना घरी करायचा कागद देत असे, आवडेल तेव्हा करा म्हणून. पट्ट्यावरच्या उंदरिणींना कुणी आवड विचारली नव्हती. आता वेळ ठरलेली, जोडी ठरलेली, खाडा झाला तर जोडीदारणीने फोन करायचा. ज्यांना कक्षापर्यंत येणं जमत नाही अशा काहीजणी एका सोसायटीच्या वाहनतळात जमतात, तालमीतली दोन डंबेलं तिथेच ठेवली आहेत. परवा मी तिथे गेले, तेव्हा पतसंस्थेतल्या बाई खाली उतरल्या नव्हत्या. जोडीदारणीने फोन स्पीकरवर टाकला.

"आज नको गं, अजिबात मन होत नाहीये."

"मनाला विचारलंय कुणी? मॅडम आल्यात, खाली ये."

पाच मिनिटांनी त्या आल्या, कपाळाला आठ्या, ओढणी कमरेला बांधलेली. मला नमस्कार केला आणि आधी दोन्ही डंबेलं हातात घेऊन जड कुठलं ते पाहिलं.